पोळ्याचा बैल, पांगुळगाडा आणि घरातले सुतारकाम

घरच्या घरी लाकडी खेळणी घडवण्याचा छंद खानदेशाला परका नाही, कारण जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या शेतीजीवनात लाकूड, बैल आणि चाक यांचा संबंध इतका जुना आहे की मुलाच्या हातातली गाडी ही शेतातल्या गाडीचीच लहान प्रत असे आणि तिचे भाग, तिचे दोष व तिच्या दुरुस्तीच्या रीतीही मोठ्या गाडीवरूनच आलेल्या असत. नोकरीतून निवृत्त झालेला शिक्षक असो, रविवारची दुपार मोकळी असलेला बँक कर्मचारी असो किंवा नातवंडांसाठी काही करू पाहणारी गृहिणी असो, आज मागच्या पडवीत किंवा गच्चीवरच्या खोलीत करवत आणि रंधा घेऊन बसणारा हौशी माणूस नकळत याच परंपरेच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला मार्गदर्शन मात्र बहुधा थंड हवेच्या देशांतील पाईन, बीच, मेपल अशा लाकडांच्या पुस्तकांतून आणि चित्रफितींतून मिळते, आणि तेथूनच त्याच्या अडचणी सुरू होतात, कारण तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातले लाकूड वेगळे आहे आणि हवा तर त्याहूनही वेगळी आहे.

या परंपरेचा प्राचीन पुरावा शोधू गेल्यास लाकूड फारसे हाती लागत नाही, कारण ते कुजते किंवा वाळवी खाते, आणि मागे राहतात त्या माती व धातूच्या वस्तू. तापीकाठच्या सावळदा या गावावरून ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला, म्हणजे तांबे व दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला, सावळदा संस्कृती असे नाव मिळाले, तिचे अवशेष प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे अगदी खालच्या थरात सापडले आहेत, आणि त्याच दायमाबादला 1974 साली हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ अशा चार धातूच्या वस्तू मिळाल्या, ज्यांतील प्राणीही चाकांवर उभे केलेले आहेत. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंपेक्षा अधिक असल्यामुळे त्यांना मुलांची खेळणी म्हणता येणार नाही, पण प्राण्याला चाके लावून ओढण्याची कल्पना दख्खनच्या या भागात किती जुनी आहे हे त्यांवरून कळते, आणि पोळ्याच्या चाकांवरच्या लाकडी बैलाकडे केवळ बाजारू वस्तू म्हणून पाहणे कसे अपुरे आहे हेही.

अलीकडच्या काळात ही खेळणी प्रामुख्याने गावच्या सुताराकडून येत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 सालच्या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत, म्हणजे वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीच्या धान्यातून देण्याच्या व्यवस्थेत, सुताराचे स्थान महत्त्वाचे होते, कारण नांगर, वखर, पाभर, जू आणि गाडी यांवाचून शेती चालतच नसे. औताच्या कामातून उरलेल्या ढलप्यांतून आणि तुकड्यांतून भोवरा, विटीदांडू, बैल, पांगुळगाडा असे काही घडवणे हा त्या कामाचाच शेवटचा, बिनहिशेबी भाग होता. रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर आला, लोखंडी औते तयार मिळू लागली, आणि सुतार घरांच्या चौकटी व फर्निचर याकडे वळला. गाडी घडवणारा हात खेळण्यातूनही निघून गेला, आणि ती जागा आज हौशी माणसाने घ्यायची आहे. व्यावसायिक केंद्रांचे उदाहरण येथे फारसे लागू पडत नाही. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून घडवलेली आणि रंगवलेली फळे व खेळणी किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणची कातकामाची, म्हणजे फिरत्या यंत्रावर गोल उतरवलेली, लाखेच्या रंगाची खेळणी ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारच्या लाकडावर साधलेली कौशल्ये आहेत. घरगुती कार्यशाळेत मिळेल ते लाकूड समजून घ्यावे लागते.

मिळेल ते लाकूड म्हणजे कोणते, हा प्रश्न खानदेशात बराच रंजक आहे. सातपुड्याच्या उतारावर साग, सालई, अंजन, हळदू, शिवण, पळस, काळा कुडा अशी पानझडी झाडे आहेत, तर सखल भागात बाभूळ, कडुनिंब आणि बांधावरचा आंबा सर्वत्र दिसतो. यांपैकी अंजन हे भारतातील सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी एक असून त्यावर घरगुती करवतीची धार लवकर बोथट होते, त्यामुळे ते गाडीच्या आसासाठी उत्तम असले तरी खेळण्यासाठी, एखादी खुंटी सोडल्यास, निरुपयोगी आहे. बाभूळ चिवट आणि मजबूत असल्याने मोठ्या गाडीच्या चाकांना पूर्वी तीच लागे. शिवण मात्र हलकी, फिकट रंगाची, कोरायला सोपी आणि हवामानानुसार फारशी न वाकणारी असल्यामुळे खेळण्यांसाठी ती पहिल्या पसंतीची ठरावी. हळदूचे पिवळसर, एकसारख्या पोताचे लाकूड कातकामाला विशेष चांगले, आणि चन्नपट्टणची खेळणी ज्या झाडापासून होतात तो काळा कुडा कोरड्या पानझडी जंगलातलाच आहे. आंबा स्वस्त आणि मुबलक असला तरी तो कापल्यावर लवकर वाळवला नाही तर बुरशीने काळवंडतो आणि किडीने भोके पडतात, म्हणून आंब्याचे ओले ओंडके पावसाळ्याच्या तोंडावर घेणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार होय.

हे लाकूड जंगलातून आणण्याचा विचारही करू नये. यावलसारखी अभयारण्ये आणि राखीव वने तर सोडाच, खासगी शेतातल्या झाडांनाही वृक्षतोडीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा 1964 चा कायदा लागू आहे आणि साग, आंबा, अंजन, हळदू यांसारखी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हौशी माणसाला एवढ्या लाकडाची गरजही नसते. वखारीतले आखूड तुकडे, सुताराकडची सागाची कातरण, मोडलेले पाट, जुन्या घराच्या पाडकामातून निघालेल्या पट्ट्या एवढ्यावर वर्षभराची खेळणी होतात, आणि जुन्या घराचे लाकूड दशकानुदशके वाळलेले असल्यामुळे ते नव्यापेक्षा सरसच ठरते, फक्त त्यातले मोडके खिळे शोधून काढावे लागतात आणि त्यावरचा जुना रंग खरवडून न उडवता तो तुकडाच टाळावा लागतो, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा असतो. औद्योगिक वसाहतींतून मिळणाऱ्या खोक्यांच्या फळ्याही वापरता येतात. परदेशातून आलेल्या खोक्यांवर छाप असतो आणि त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, तर ‘एमबी’ ही अक्षरे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूचा वापर दर्शवतात, म्हणून अशी फळी मुलांच्या वस्तूंसाठी घेऊ नये. कण्हेरीची काठी सरळ व गुळगुळीत दिसली तरी तिचे सर्व भाग विषारी असल्याने ती कार्यशाळेत आणूच नये.

लाकडाइतकाच विचार हवेचा करावा लागतो, आणि या बाबतीत जळगाव-भुसावळचा उन्हाळा हा कडक परीक्षक आहे. लाकूड मेल्यावरही हवेतील ओलाव्याशी देवघेव करत राहते: हवा कोरडी झाली की ते पाणी सोडते व आकसते, हवा दमट झाली की ते पाणी घेते व फुगते. ओल्या लाकडाच्या पेशींतले मोकळे पाणी निघून जाईपर्यंत आकार बदलत नाही, पण ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. पारा 45 अंशांजवळ जाणाऱ्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या लाकडातला ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास येऊ शकतो, आणि ऑगस्टमध्ये तोच पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. एवढ्या फरकाने दहा सेंटिमीटर रुंदीची फळी दीड-दोन मिलिमीटरने सहज कमीजास्त होते. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ बदलत नाही. या दोन विधानांवर खेळण्यांच्या बांधणीचा बराचसा भार आहे.

उदाहरणार्थ, फांदीचा आडवा काप घेऊन त्याचे चाक करण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो, कारण फांदी गोलच असते आणि वर्षावलये सुंदर दिसतात. परंतु वर्षावलयांच्या घेराच्या दिशेने लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुपटीने आकसते, म्हणजे घेर जितका लहान होऊ पाहतो तितकी त्रिज्या लहान होत नाही, आणि हा ताण मध्यापासून काठापर्यंत एक पाचरीसारखी भेग पाडून मोकळा होतो. खानदेशी उन्हाळ्यात असे चाक आठवडाभरातही तडकू शकते. चाक फळीतून कापावे, आणि मोठे हवे असल्यास दोन पातळ फळ्या एकमेकींच्या आडव्या रेषांत चिकटवून त्यातून काढावे. आसासाठीचे छिद्र आसापेक्षा थोडे, निदान अर्धा-एक मिलिमीटर, मोठे ठेवावे, कारण मेमध्ये छान फिरणारे चाक पावसाळ्यात आस फुगल्यामुळे अडकून बसते. छिद्रात तेल घालू नये. तेलाने लाकूड धूळ धरते, त्यापेक्षा मेणबत्ती घासणे पुरेसे. ओले लाकूड घरी वाळवायचे झाल्यास त्याची दोन्ही टोके मेणाने, रंगाने किंवा जुन्या रीतीप्रमाणे शेणाने लिंपावीत, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगाने जाते आणि भेगा तेथूनच सुरू होतात. आणि फळ्या उन्हात न ठेवता सावलीत, मध्ये काड्या घालून, वारा खेळेल अशा रचाव्यात.

श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला येणारा पोळा हा या छंदाचा नैसर्गिक मुहूर्त आहे, आणि बैल हे त्याचे पहिले पाठ्यपुस्तक. चाकावर उभा असलेला बैल दिसायला सोपा, पण लाकडाच्या दृष्टीने अवघड, कारण लाकूड रेषांच्या, म्हणजे वाढीच्या तंतूंच्या, दिशेने मजबूत आणि त्याच्या आडव्या दिशेने कमकुवत असते. तंतू बैलाच्या पाठीच्या लांबीने ठेवले तर पाठ चांगली होते, पण पायांत ते आडवे येतात आणि पहिल्या पडण्यातच पाय मोडतो. तंतू उभे ठेवले तर पाय टिकतात, पण पुढे आलेले तोंड आणि शेपटी तुटायला मोकळी होतात, आणि शिंगे तर कोणत्याही मांडणीत धड राहत नाहीत. जुन्या सुतारांनी या कोड्याचा निकाल बैलाचे पाय आखूड व जाड करून, शेपटी मांडीला चिकटवून आणि शिंगे वेगळी बसवून लावला, आणि हौशी कारागिराने तीच रीत घ्यावी: अंग उभ्या तंतूंचे, शिंगे वेगळ्या चिवट काडीची व गोल छिद्रात रुतवलेली. चाके पायांना न लावता खालच्या पाटीला लावावीत. पाय पाटीला नुसत्या गोंदाने चिकटवणे निरर्थक असते, कारण तंतूंची कापलेली टोके गोंद शोषून घेतात आणि सांधा कच्चा राहतो. तेथे बांबूची खुंटी हवीच. रूपाचा नमुना बाहेर शोधण्याची गरज नाही. सातपुड्याच्या पट्ट्यातला तापी खिल्लार पांढरट, लांब व मागे वळलेल्या शिंगांचा, आणि शेजारच्या निमाडातला निमाडी बैल तांबूस अंगावर पांढरे ठिपके असलेला. या दोन जातींचा फरक खेळण्यात नेमका उतरला तर मुलाला तो कोणत्याही रंगीत तक्त्यापेक्षा चांगला कळतो.

बैलामागून गाडी येते, आणि येथे हौशी माणसाने थोडे महत्त्वाकांक्षी व्हायला हरकत नाही. जुन्या लाकडी चाकात मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळ पूर्ण करणारे वक्र पुठे आणि सर्वांवर लोखंडी धाव अशी रचना असते. धाव चाकापेक्षा किंचित लहान करून, ती लालभडक तापवून, प्रसरण पावल्यावर चाकावर चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात, मग ती आकसून आरे, पुठे व तुंबा यांना एकजीव आवळून धरते. प्रत्येक तुकड्याचे तंतू ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ठेवलेले असतात, त्यामुळे एका फळीच्या चाकापेक्षा हे अनेक तुकड्यांचे चाक अधिक मजबूत असते. हीच रचना लहान प्रमाणात करणे कष्टाचे आहे, धावेऐवजी पत्र्याची पट्टी वापरावी लागते, आणि तिची कड मुलाच्या बोटाला लागणार नाही अशी दाबून आत वळवावी लागते. पण एवढे साधले की लाकूडकामातले जवळजवळ सर्व धडे पुरे होतात.

पांगुळगाड्याबद्दल सावधपणे लिहावे लागते. चालू लागलेल्या मुलाने उभ्या दांड्याला धरून पुढे ढकलायची ही तीनचाकी चौकट आणि मूल आत बसून पायांनी पुढे सरकणारा आधुनिक वॉकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या प्रकारावर कॅनडाने 2004 साली विक्रीबंदी घातली, कारण त्यात मुले जिन्यावरून पडत. ढकलायची गाडी तुलनेने बरी, पण तीन चाकांच्या आधाराचा त्रिकोण लहान असल्याने मूल बाजूला झुकले की ती कलंडते, म्हणून चार चाके व रुंद पाया घ्यावा, चाके मुद्दाम घट्ट ठेवावीत आणि पुढच्या बाजूला वजन वाढवावे, नाहीतर गाडी मुलाच्या पुढे पळते. परंपरा तीन चाकांची असली तरी येथे तिला चिकटून राहण्यात शहाणपणा नाही.

हत्यारांविषयी फार बोलण्यासारखे नाही. बारीक दातांची करवत, वक्र कापण्यासाठी कमानीची करवत, लहान रंधा, दोन पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या, समांतर रेघ मारायचा खतकस, कानस, शिकंजा आणि हाताचे किंवा विजेचे ड्रिल एवढ्यात काम भागते. भोवऱ्यासाठी मात्र कातकामाचे यंत्र हवे, कारण त्याची आर, म्हणजे खालचा खिळा, अगदी मध्यावर नसेल तर तो थरथरत फिरतो. पैसे यंत्रांवर घालण्याआधी चांगल्या मास्कवर घालावेत. लाकडाची भुकटी दीर्घकाळ श्वासात गेल्यास नाकातील कर्करोगाचा धोका असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, आणि साग व शिसम यांच्या भुकटीने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

शेवटचा हात कशाचा द्यावा यावर बाजारात बरीच फसगत होते. घरात सहज सापडणारे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल लाकडावर वाळत नाही, चिकट राहते आणि खवट होते. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन कडक थरात बदलते, म्हणून कच्चे जवस तेल पातळ चोळून, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन वापरावे. ‘बॉईल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात, ती खेळण्याला नकोत. जवस तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, आणि तेलाचे बोळे एका ढिगात टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत तर हा धोका अगदी प्रत्यक्ष आहे, म्हणून फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. दुसरा चांगला पर्याय लाखेचा. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यापासून मिळणारी ही राळ चपडीच्या रूपात स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवता येते, आणि कातकामाच्या यंत्रावर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते, ज्यावर केवड्याचे पान दाबून चकाकी आणतात. हळदीचा रंग सुंदर येतो, पण उन्हात लवकर उडतो. डब्यातला रंग घ्यायचाच असेल तर त्यात शिसे नसल्याचे पाहावे. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे असू नये, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे.

तीन वर्षांखालील मुलासाठी असलेल्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, अशी सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. घरी यासाठी एका ठोकळ्यात 32 मिलिमीटर रुंद व सुमारे 57 मिलिमीटर खोल छिद्र पाडून ठेवावे आणि जे त्यात पूर्ण बुडते ते लहान मुलाला देऊ नये. ओढायची दोरी वीतभरापेक्षा लांब नसावी. घरच्या मुलांसाठी केलेल्या वस्तूवर सरकारी शिक्का लागत नाही, परंतु तीच वस्तू विकायला ठेवली की चित्र बदलते: 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे आहे, आणि त्यातून सूट मिळते ती विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना. पोळ्याच्या बाजारात दुकान मांडू इच्छिणाऱ्या हौशी माणसाने हे आधी समजून घ्यावे.

नमुन्यांसाठी पुस्तके धुंडाळण्याआधी आणखी एक काम करण्यासारखे आहे. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांच्या खेड्यांत परसात किंवा गोठ्यामागे एखादी लाकडी चाकांची गाडी अजून पडलेली आढळण्याचा संभव आहे, आणि ती सरपणात जाण्याआधी तिच्या तुंब्याची, आऱ्यांची, पुठ्यांची व आसाची मापे, आऱ्यांची संख्या, खुंट्यांच्या जागा आणि प्रत्येक भागाच्या तंतूंची दिशा वहीत उतरवून घेता येते. सव्वा मीटर व्यासाचे चाक दहापट लहान केले तर ते साडेबारा सेंटिमीटरचे होते, म्हणजे घरगुती कार्यशाळेच्या आवाक्यातले. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती एखाद्या वृद्ध सुताराला बरोबर नेऊन दाखवावी, त्याच्याकडून प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्यावे आणि मगच करवत हातात घ्यावी.